पट्ट्यावरून काढलेले नाव

मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, कुत्र्याच्या गळ्यातला. मूळचा माझा रंग मधासारखा होता. आता तो कुठे काळा पडला आहे, तर कुठे कसलाच उरलेला नाही. माझ्या मधोमध चार बारीक भोके आहेत. बक्कलाची भोके वेगळी, ती एका ओळीत असतात. ही चार चौकोनात आहेत. तिथे एक पितळी पट्टी होती आणि तिच्यावर एक नाव होते. ती पट्टी का काढावी लागली, ते मी आज सांगणार आहे. मित्रांनो, गोष्ट माझी आहे, पण तुमच्या घरी पिल्लू येणार असेल तर ती तुमच्याही कामाची आहे.

माझा जन्म आमच्या घराच्या पुढच्या खोलीत झाला. बाबा चामड्याच्या बॅगा शिवतात आणि ती खोली हेच त्यांचे दुकान. मधे जाड फळीचे टेबल, टेबलाखाली चामड्याच्या गुंडाळ्या, भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने टांगलेल्या हातोड्या. एका प्रवासी बॅगेचा पट्टा कापताना हातभर तुकडा उरला, तो मी. बाबांनी रापीने, म्हणजे चामडे कापायच्या चपट्या सुरीने, माझ्या कडा तासल्या. मेण लावलेल्या दोऱ्याने मला दुहेरी शिवले. मग एका ओळीत सात भोके पाडली.

"सात कशाला?" आईने विचारले.

"वाढत्या अंगाचा शिवलाय," बाबा म्हणाले.

ज्याच्यासाठी मला शिवले, तो तेव्हा बुटांच्या खोक्यात झोपला होता. तपकिरी, पांढऱ्या तोंडाचा, आणि पाय अंगापेक्षा मोठे. महिन्यापूर्वी कुणीतरी खिडकीचे गज वाकवून तयार बॅगा पळवल्या होत्या. तेव्हापासून बाबा जरा खुट्ट झाले की उठून बसत. म्हणून एका गिऱ्हाइकाने हे पिल्लू आणून दिले होते.

तीन दिवस त्याला नाव नव्हते. सगळे त्याला नुसते 'ए' म्हणत, आणि 'ए' म्हटले की तो लुटुलुटु धावत येई. मला अजून वाटते, तेवढ्यावर भागले असते.

पण आमच्या घरी आजोबा आहेत. त्यांनी शाळेत चाळीस वर्षे इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर राजे तेवढेच राहिले, ऐकणारे उरले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी कॅलेंडरच्या उलट्या पानावर नावांची यादी केली आणि चष्मा सावरत वाचायला लागले.

"सिकंदर."

"गल्लीत दोन आहेत सिकंदर," बाबा म्हणाले. "एक तर पांगळा आहे."

"नेपोलियन."

"फार लांब आहे. नाव संपेपर्यंत चोर घरी पोहोचेल."

"मग चंगीज! चंगीजखान!" आजोबांचा आवाज एकदम वर्गातला झाला. "अरे, याचं नुसतं नाव कानावर आलं की शहरंच्या शहरं दरवाजे उघडून द्यायची. लढायचीसुद्धा गरज नाही."

बाबांची हातोडी थांबली. "नुसतं नाव?"

"नुसतं नाव."

"हे झकास झालं."

आई दारात उभी होती. तिच्या कडेवर छोटी होती, तेव्हा दीड वर्षाची. "अहो, बुटांच्या खोक्यात मावतंय ते. ढब्बू म्हणू या ना."

"ढब्बू ऐकून चोर काय करेल? चहा मागेल."

सगळे हसले. आईही हसली, पण तिचे हसू सगळ्यांच्या आधी संपले. "आणि उद्या ही बोलायला लागली की?" तिने छोटीला सावरून घेतले. "ही काय हाक मारेल त्याला?"

"चंगीजच मारेल. तीन अक्षरं तर आहेत," आजोबा म्हणाले.

बॅगांवर गिऱ्हाइकांची नावे उमटवायला बाबांकडे लोखंडी अक्षरांचे ठसे आहेत. त्या ठशांनी त्यांनी पितळेच्या पट्टीवर ते नाव ठोकले. ठक्. ठक्. ठक्. मग चार खिळ्यांनी ती पट्टी माझ्यावर जडवली आणि मला त्याच्या गळ्यात बांधले, पहिल्याच भोकात.

त्या संध्याकाळी आई एकटी खोक्यापाशी बसली. तिने ते नाव एकदा मोठ्याने म्हणून पाहिले. मग हळू. मग त्याच्या कानाशी, अगदी कुजबुजत. आणि मान हलवून स्वतःशीच म्हणाली, "हे लाडात म्हणताच येत नाही."

मित्रांनो, चंगीज भित्रा होता. हे मी त्याची निंदा म्हणून सांगत नाही, मी त्याच्या गळ्यात होतो म्हणून मला ठाऊक आहे. बाबांचे शिलाई मशीन सुरू झाले की तो टेबलाखाली शिरायचा. बादली दिसली की थरथरायचा. येणारेजाणारे खो खो हसत. "हा चंगीज? अहो, हा तर बशीतल्या दुधात स्वतःचं तोंड बघून मागे सरकला!" दूधवाला तर रोज विचारी, "काय म्हणतंय तुमचं सैन्य?"

बाबांना ते लागले. आपण ठेवलेले नाव असे वाया जावे, हे त्यांच्यासारख्या माणसाला खपणारे नव्हते. त्यांनी एक खेळ सुरू केला. चामड्याचे चिंधूक, म्हणजे उरलेला बारीक तुकडा, त्याच्या नाकासमोर नाचवायचे, ते नाव घ्यायचे, आणि तो चिडून अंगावर आला की बिस्किट द्यायचे. पुन्हा नाव, पुन्हा चिंधूक, पुन्हा बिस्किट. पहिल्या महिन्यात तो गोंधळला. दुसऱ्या महिन्यात त्याला समजले. मी तिसऱ्या भोकावर आलो तोवर चिंधूक लागेनासे झाले. नुसते नाव पुरू लागले.

मग पाहुणे आले की ठरलेला कार्यक्रम होई. बाबा डावा हात कमरेवर ठेवत, उजव्या हाताची बोटे माझ्यात अडकवत आणि हसून म्हणत, "बसा, बसा. आमचा कुत्रा बघितलात का?" जरा थांबत. मग ते नाव घेत, अगदी साध्या आवाजात. तो सुळे काढून झेपावे, आणि पाहुण्याच्या हातातला कप बशीवर खडखडे.

"काही करत नाही हो," बाबा म्हणत. "पट्टा आहे ना!"

तेव्हा माझेही फार कौतुक होई. शिवण किती बारीक, बक्कल किती भारी. पुन्हा चोरी झाली नाही. गल्लीत सगळ्यांच्या तोंडी ते नाव झाले. मी खोटे बोलणार नाही, मलाही माझ्यावरची पितळी पट्टी मिरवावीशी वाटे.

पण मला एक गोष्ट कळत होती, ती बाहेर कुणाला दिसत नव्हती. ते नाव कानावर पडले की त्याच्या गळ्यात आधी एक गाठ येई. मी ती गाठ मोजू शकतो. गुरगुर नंतर येते. तुम्हाला ऐकू येते तेव्हा ती शिळी झालेली असते. आणि त्या गाठीत राग कमी आणि भीती जास्त होती. जेवायला बोलावताना घरचे वाटी वाजवत. फिरायला न्यायचे तर साखळी वाजवत. त्याचे नाव घेऊन त्याला कुणी कधी जवळ बोलावलेच नव्हते. छोटी तेवढी त्याला 'भू' म्हणे, आणि तिच्या 'भू'ला तो शेपटी हलवत जाई.

हे सगळे आईच्या लक्षात आले होते. दर आठवड्याला ती मला तेल चोळी आणि नखाने एकेक टाका ओढून पाही.

"अहो, एक विचारू? हा अंगावर धावला तर त्याला थांबवायचं कसं?"

"पट्टा ओढायचा."

"आणि पट्टा हातात नसला तर?"

"तर नाव घ्यायचंच नाही. सोपं आहे."

"तुम्ही नाही घेणार. मी नाही घेणार." तिने कोपऱ्यात पाहिले. तिथे छोटी एका हाताने बाहुलीला खाली दाबत होती आणि दुसरा हात कमरेवर ठेवून "बशा, बशा" म्हणत होती.

"तू ना, उगाच जिवाला घोर लावून घेतेस," बाबा म्हणाले आणि मशीन सुरू केले.

छोटीने 'भू'च म्हणत राहावे म्हणून आईने पुष्कळ धडपड केली. तिच्या पुस्तकांत कुत्रा आला की आईच आधी 'भू' म्हणे. पण आजोबांचे चाळीस वर्षांचे हाड शिक्षकाचे. "भू काय भू? एवढी घोडी झालीस. नीट उच्चार कर. चं. गी. ज." चौथे वर्ष संपता संपता छोटीने तो उच्चार अगदी स्वच्छ केला. तेव्हा तो अंगणात साखळीला होता. तो ताडकन उठला आणि साखळी संपेपर्यंत धावत आला. मी त्याच्या गळ्यात रुतलो.

"शाब्बास!" आजोबांनी टाळ्या वाजवल्या. "बघ, बादशहा कसा हजर झाला!"

आईने छोटीला उचलून आत नेले.

ती दुपार त्यानंतर तीन आठवड्यांनी आली. बाबा तयार बॅगा पोहोचवायला गेले होते. आजोबा खाटेवर वर्तमानपत्र वाचत होते. आई आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. पाहुणे येणार नव्हते, म्हणून साखळी खुंटीला होती आणि तो टेबलाखाली मोकळा झोपला होता. समोरच्या घरात शिवणकाम करणाऱ्या मावशी राहतात. त्यांची मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणत, छोटीबरोबर खेळायला आली होती.

"तू पाहुणी हो," छोटी म्हणाली. "मी बाबा होते."

"मला चहा पाहिजे."

"चहा नंतर. आधी बसायचं असतं. बसा, बसा."

आतल्या खोलीत कपड्यांची सळसळ थांबली.

"आमचा कुत्रा बघितलात का?"

मला आईची पावले ऐकू आली. ती धावत होती. पण खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला पावले लागतात, आणि नावाला तीनच अक्षरे होती. छोटीने हात कमरेवर ठेवला, बाबांसारखीच जरा थांबली, आणि हसून ते नाव घेतले.

गळ्यात गाठ आली. टेबल हलले. चिमणी किंचाळून उठली आणि पळाली, आणि पळणाऱ्यामागे धावणे हे कुत्र्याला कुणी शिकवावे लागत नाही. तिच्या फ्रॉकची किनार त्याच्या दातांत आली. आजोबा खाटेवरून धडपडत उठले आणि त्याला थांबवायला जे सुचले ते ओरडले.

"चंगीज! अरे चंगीज! चंगीज, नको!"

एकेका हाकेबरोबर ती गाठ घट्ट होत होती. तो बिचारा आज्ञाच पाळत होता, मित्रांनो. ज्या एका शब्दावर त्याला आयुष्यभर बिस्किट मिळाले होते, तोच शब्द सगळीकडून येत होता.

"आजोबा, नाव घेऊ नका!" आई ओरडली. "गप्प राहा! सगळे गप्प राहा!"

तिने दोन्ही हात माझ्यात घातले आणि ती तशीच जमिनीवर बसली. तिचे सगळे वजन माझ्यावर आले. माझा एकेक टाका ताणला गेला. मी तुटलो नाही. तो वळला आणि त्याचे दात तिच्या दंडाखाली रुतले. ती ओरडली नाही. तिने चिमणीकडे पाहिले आणि डोळ्यांनीच तिला गप्प राहायला सांगितले. चिमणीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले. आजोबा भिंतीला टेकून उभे राहिले. खोलीत एकही शब्द उरला नाही, तेव्हा कुठे ती गाठ सुटली. त्याने तोंड उघडले, आईच्या हाताचा वास घेतला, आणि सरपटत टेबलाखाली जाऊन जागच्या जागी मुतला.

चिमणीचा गुडघा खरचटला आणि फ्रॉक फाटला. आईला नऊ टाके पडले. टाके बघून बाबा म्हणाले, "मी याहून नीट घातले असते." ती त्यांची थट्टा होती, पण ती करताना ते रडत होते, आणि कुणी हसले नाही.

शिवणाच्या मावशी दारात आल्या, आत आल्या नाहीत. "आज तुझा हात मधे आला म्हणून," त्या आईला म्हणाल्या. "नाहीतर काय झालं असतं, सांग मला." ते दोघींनाही माहीत होते.

दोन दिवसांनी कोपऱ्यावरचे भंगारवाले काका आले. "मला द्या तो कुत्रा. गोदामाच्या फाटकावर बांधतो. नाव तर एक नंबर आहे, पाटीवरच रंगवून घेतो."

"आणि फाटकापाशी येऊन कुणा पोराने नाव घेतलं तर?" आईने विचारले.

"मग काय, त्यासाठीच तर पाहिजे!"

बाबा त्याला द्यायला तयार होते. साखळी हातात घेऊन ते उठलेही. सगळ्यांना वाटत होते की आई सुटकेचा श्वास टाकेल. तिने साखळी काढून घेतली.

"नाही द्यायचा."

"अगं, तुझ्याच हाताला—"

"इथून गेला तरी नाव त्याच्याबरोबर जाईल. तिथे कुणाचं तरी मूल असेलच. आणि तिथे मी नसेन."

भंगारवाले काका पुटपुटत निघून गेले. मग बाबांनी पक्कड घेतली, मला मांडीवर ओढले आणि चारही खिळे उपटले. पितळी पट्टी ऐरणीवर ठेवून ती अगदी सपाट होईपर्यंत ते हातोडी मारत राहिले. अक्षरे गेली. पण नाव पितळेत नव्हते. ते त्याच्या गळ्यात होते, आणि गळ्याला पक्कड लावता येत नाही.

त्या दिवसापासून घरात ते नाव बंद झाले. छोटी पुन्हा 'भू' म्हणू लागली. बाबा रोज सकाळी त्याला नुसते 'ये' म्हणून जवळ बोलवायला शिकवत बसत. आजोबांनी यादीचे ते पान फाडून टाकले. शिकायला कुणी पोर आले आणि धड्यात तो राजा आला, तर ते "ते पान घरी वाच" म्हणत आणि पुढे जात.

घर सुधारले. गल्ली नाही. गल्लीला ते नाव आम्हीच शिकवले होते. पोरे भिंतीवरून डोकावून ते नाव ओरडत आणि पळत. आई बाहेर जाऊन सांगे, "बाळांनो, तसं म्हणू नका रे." म्हणून ती आणखी ओरडत. बाबांनी भिंतीवर विटांचे चार थर चढवले. फाटकाला पत्रा ठोकला. दर वेळी माझ्याखाली ती गाठ येई, आणि दर वेळी आई हातातले काम टाकून धावत येऊन मला धरी. तिला यायला उशीर झाला असे एकदाही झाले नाही. पण ती धावत येते हे छोटी बघत मोठी झाली, आणि आता छोटीही कुठला आवाज झाला की आधी आईच्या तोंडाकडे बघते.

अशी नऊ वर्षे गेली. तो आता म्हातारा आहे. तोंड होते पांढरेच, आता कानही पांढरे झाले. मी सातव्या भोकावरून पुन्हा पाचव्यावर आलो आहे. हल्ली त्याला ऐकू कमी येते. त्याच्या पाठीमागे उभी राहून आई रोज टाळी वाजवून पाहते. तो वळला नाही की तिच्या चेहऱ्यावर जे येते त्याला आनंद म्हणावे की काय, मला ठरवता येत नाही. परवा शेजारीच शिलाई मशीन धडधडत होते, तरी तो गाढ झोपला होता. आई बाबांना म्हणाली, "सुटला हो बिचारा." तिने त्या दिवशी प्रथमच दुपारी डोळे मिटले.

काल दोन मुले सायकल हातात धरून भिंतीपलीकडून चालली होती. कुणी ओरडले नाही. एकाने दुसऱ्याला सहज विचारले, "इथे तो कुत्रा होता ना रे, काय त्याचं नाव?" आणि दुसऱ्याने सांगितले.

ज्याला मशीन ऐकू येत नाही, टाळी ऐकू येत नाही, त्याच्या गळ्यात गाठ आली. पूर्वीइतकीच घट्ट. तो थरथरत्या पायांवर उभा राहिला आणि सुळे दाखवू लागला, रिकाम्या अंगणाला. आईने येऊन मला धरले. तिच्या त्या, टाके पडलेल्या हाताची पकड आता पहिल्यासारखी राहिलेली नाही. आणि हे तिला अजून दिसलेले नाही, पण बक्कलापाशी माझा एक टाका उसवला आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी पिल्लू आले तर त्याला राजाचे नाव खुशाल द्या. पण आधी ते नाव त्याच्या कानाशी कुजबुजून पाहा. पहिल्या शंभर वेळा त्या नावाने त्याला फक्त जवळ बोलवा, आणि जवळ आला की कुरवाळा. तुम्ही हसण्यासाठी त्याला जे शिकवाल, ते तो तुमच्यानंतरही विसरणार नाही.

माझी विनंती मात्र दुसरीच आहे. तुमच्या वाटेवर कुठे उंच भिंत लागेल, वरचे चार थर नव्या विटांचे आणि फाटकाला पत्रा असलेली. ते आमचे घर असू शकेल. ते नाव आता तुम्हालाही माहीत झाले आहे, मीच सांगितले. तिथून जाताना ते घेऊ नका. एकमेकांना सांगूही नका. तोंड मिटून पुढे जा. भिंतीच्या आत आईने दोन बोटे माझ्यात अडकवलेली असतील, आणि ती तुमची पावले ऐकत असेल.